टोळी काय देते, हे मुलांना कोण सांगणार?

गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या एका उपनगरातील शाळेच्या मुख्याध्यापकांचा मला दूरध्वनी आला. त्यांच्या नववीच्या वर्गातील दोन मुलांना पोलिसांनी ताब्यात घेतले होते. रात्री अकराच्या सुमारास हातात कोयते घेऊन रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा फोडीत गेलेल्या सात-आठ जणांच्या घोळक्यात ही दोघे होती. ‘‘तुम्ही कादंबरीकार आहात. मुले असल्या टोळक्यांच्या नादी लागू नयेत म्हणून वर्गात वाचून दाखविता येतील अशी चार मराठी पुस्तके सुचवा,’’ अशी मुख्याध्यापकांची साधी मागणी होती. मी ‘हो’ म्हणालो, फोन ठेवला आणि पुस्तकांच्या कपाटापुढे जाऊन उभा राहिलो. दोन दिवसांनंतरही माझ्या हातातला कागद कोराच होता.

कोयता हे तसे उसाच्या फडातले आणि नारळाच्या वाडीतले गरीब हत्यार. २०२२-२३ च्या सुमारास ‘कोयता गँग’ हा शब्द पुण्याच्या वर्तमानपत्रांत रोजचा झाला. या शब्दात थोडी फसगत आहे. कारण एका नावाची, एका म्होरक्याची अशी ती टोळी नाही. शहराच्या कडेने वाढत गेलेल्या वस्त्यांतून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे घोळके आहेत. प्रत्येक घोळक्याचा एक वीस-बावीस वर्षांचा ‘भाई’ आहे आणि भाईच्याही वर कोणीतरी आहे, ज्याचे नाव मुले दबक्या आवाजात घेतात. वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा, त्याचे चित्रण मोबाईलवर टाकायचे. मग पोलिसांनी त्याच मुलांना त्याच रस्त्यावरून चालवीत नेल्याचे चित्रण यायचे. हे दुसरे चित्रणही वर्गातली मुले पहिल्याइतक्याच आवडीने पाहतात, असे मुख्याध्यापकांनीच मला सांगितले.

गुन्हेगारीवर मराठीत कोणी लिहिलेच नाही, असे म्हणायची सोय नाही. भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ १९६५ ची. नाक्यावर दिवस काढणाऱ्या पोरांची भाषा तिने जशीच्या तशी पांढऱ्यावर काळी केली आणि सभ्य वाचकांनी तिच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतले. जयंत पवारांचे ‘अधांतर’ १९९७ चे. गिरणी संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या एका चाळकरी घरातला एक मुलगा टोळीत कसा ओढला जातो, हे ज्यांनी ते नाटक पाहिले ते विसरलेले नाहीत. ‘मुळशी पॅटर्न’ हा २०१८ चा चित्रपट तर थेट पुण्याच्या वेशीवरचा. जमिनी विकून मोकळ्या झालेल्या बापांच्या मुलांचा. पण ही सारी मोठ्यांसाठी मोठ्यांनी सांगितलेली कहाणी आहे. चित्रपटाच्या शेवटी नायकाचे जे व्हायचे ते होते. आमच्या गल्लीतल्या पोरांनी उचलले ते मात्र त्याचे बोलणे आणि चालणे. शेवटाचा धडा त्यांनी दिग्दर्शकाकडेच ठेवला.

आता किशोर साहित्याकडे पाहा. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर आमची पिढी वाढली आणि त्या ऋणाबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण फास्टर फेणे टोळ्या पकडून देतो. त्याचा थोरला भाऊ टोळीत नसतो. आमच्या किशोर कादंबरीत टोळी ही नेहमी बाहेरून येते. गुहेत, पडक्या वाड्यात, बंदरावर तिचा अड्डा असतो आणि चार हुशार मुले सुट्टीत तिचा छडा लावतात. टोळी समोरच्या खोलीत राहते, तिच्यातला एकजण आपल्याला लहानपणी खांद्यावर बसवून गणपती दाखवायला नेत असे आणि आज त्याने आपल्याला फक्त एक पिशवी पलीकडच्या गल्लीत पोचवायला सांगितली आहे, ही परिस्थिती ज्या मुलाची आहे, त्याच्या हाती द्यायला आमच्याकडे काय आहे? ‘श्यामची आई’ आहे, असे कोणी म्हणेल. मी ते म्हणणाऱ्याला त्या मुख्याध्यापकांचा पत्ता देईन.

या प्रकारच्या किशोर कादंबरीची सलग परंपरा मला अमेरिकेत दिसते. तिचा आरंभ एका शाळकरी मुलीने करावा, हे मला फार बोलके वाटते. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा गावच्या एस. ई. हिंटनने पंधराव्या वर्षी ‘द आउटसायडर्स’ लिहायला घेतली. १९६७ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा हिंटन अठरा वर्षांची होती. मुलीने लिहिलेली म्हणून समीक्षक ती बाजूला सारतील, या भीतीने प्रकाशकांनी पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरे छापली. कादंबरीतला पोनीबॉय चौदा वर्षांचा. आईवडील अपघातात गेलेले, वीस वर्षांचा थोरला भाऊ नोकरी करून दोघा धाकट्यांना सांभाळतो. गावाच्या गरीब भागातली ‘ग्रीझर’ मुले आणि श्रीमंत भागातली ‘सोश’ मुले यांच्यातले वैर, एक सुरा, एक खून आणि त्यामागून येणारे मृत्यू अशी ही कथा. मारामाऱ्यांमुळे अनेकांनी तिच्यावर नाके मुरडली. पण पोनीबॉयला टोळी का हवी, हे हिंटनने लपवले नाही. रिकाम्या घरात पाय ठेवताना मागे कोणीतरी आहे ही भावना त्याला टोळी देते. शेवटी त्याच्या शिक्षकांनी उत्तीर्ण होण्यासाठी त्याला एक निबंध लिहायला सांगितलेले असते. आणि तो निबंध म्हणजे आपण वाचली ती कादंबरी. १९८३ साली फ्रान्सिस कपोला यांनी तिच्यावर चित्रपट काढला, तोही कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपालबाईंनी आणि मुलांनी त्यांना पत्र पाठवून गळ घातली म्हणून. (महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदाही १९६७ चाच. आमच्या ग्रंथालयांच्या वेळा मात्र अशा, की कामावरून परतणाऱ्या मुलाला बहुधा बंद दारच दिसावे.)

हिंटनची टोळी अजून भाबडी आहे. तिच्यात धंदा नाही. धंदा आला तो वॉल्टर डीन मायर्स यांच्या कादंबऱ्यांत. हे गृहस्थ न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात वाढले, शाळा अर्धवट सोडून सतराव्या वर्षी सैन्यात भरती झाले. जेम्स बॉल्डविनची एक कथा वाचून आपल्या वस्तीविषयी लिहायची परवानगी मिळाल्यासारखे वाटले, असे त्यांनी २०१४ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, लिहून ठेवले आहे. त्यांची ‘स्कॉर्पियन्स’ १९८८ ची. जमाल बारा वर्षांचा आहे. त्याचा थोरला भाऊ तुरुंगात आहे आणि अपिलासाठी वकिलाला पैसे हवेत. आई राबते आहे, पण ते पैसे काही जमत नाहीत. अशा वेळी भावाचा एक जुना साथीदार जमालला सांगतो, की टोळीचे पुढारपण तू घे, पैशांचे बघू. आणि त्याच्या हाती पिस्तूल देतो. वर्गात त्रास देणारा दांडगा मुलगा ते पिस्तूल पाहताच मऊ येतो, तेव्हा जमालला जे वाटते ते मायर्सनी नेमके लिहिले आहे. त्याला बरे वाटते. आयुष्यात प्रथमच कोणीतरी त्याला वचकलेले असते. पुढे त्या पिस्तुलाची किंमत जमालपेक्षा त्याचा मित्र टिटो मोजतो. मित्राला वाचवायला गोळी झाडणारा टिटो मनाने मोडतो आणि त्याला पोर्तो रिकोला बापाकडे धाडले जाते. येथे लेखकाने बोट वर करून उपदेश केलेला नाही. ‘बरे वाटते’ हे आधी प्रामाणिकपणे कबूल केल्यामुळे नंतरचे सारे खरे वाटते.

मग अशी प्रामाणिक पुस्तके वाचून मुले टोळीपासून दूर होतात का? येथे मला दोन माणसांची आठवण होते. लुईस रॉड्रिग्ज हा लॉस एंजेलिसच्या परिसरात टोळीत वाढलेला, पुढे कवी आणि लेखक झालेला माणूस. शिकागोत राहात असताना त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा एका टोळीत शिरला, तेव्हा बापाने मुलासाठी म्हणून आपल्याच पूर्वायुष्याची हकीकत ‘ऑलवेज रनिंग’ या नावाने लिहिली. १९९३ साली ती प्रसिद्ध झाली आणि गाजली. कित्येक शाळांनी तिच्यातल्या वर्णनांवर आक्षेप घेतले. हजारो मुलांनी ती वाचली. आणि ज्या एका मुलासाठी ती लिहिली होती, त्याला पुढे खुनाच्या प्रयत्नाबद्दल दीर्घ मुदतीची शिक्षा झाली. तो २०१० साली सुटला. बापाने मुलाशी नाते तोडले नाही आणि लिहिणेही थांबवले नाही. पुस्तकाच्या सामर्थ्याविषयी व्यासपीठावरून बोलताना आपण लेखक मंडळी जे फुगे सोडतो, त्यांना या एका हकिकतीची टाचणी पुरे आहे.

दुसरा माणूस स्टॅनली विल्यम्स. १९७१ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘क्रिप्स’ ही टोळी स्थापन करणाऱ्या दोघांपैकी एक. १९७९ मधील चार खुनांबद्दल त्याला देहान्ताची शिक्षा झाली. फाशीच्या कोठडीत बसून त्याने १९९६ साली प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी टोळीविरोधी छोट्या पुस्तकांची मालिका काढली. त्यातल्या एका पुस्तकाचा विषयच ‘आपण कोणाचे तरी असावे’ ही ओढ हा होता. हे खून आपण केले नाहीत, असे तो अखेरपर्यंत म्हणत राहिला. २००५ च्या डिसेंबरात त्याचा दयेचा अर्ज कॅलिफोर्नियाचे तत्कालीन गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्यापुढे आला. तो फेटाळताना गव्हर्नरांनी पश्चात्तापाच्या अभावावर बोट ठेवले, ते समजण्याजोगे आहे; चार माणसे गेली होती. पण त्याच निवेदनात त्यांनी असाही मुद्दा काढला, की टोळ्यांचा हिंसाचार इतका बोकाळलेला असताना या माणसाच्या संदेशाचा परिणाम तरी काय झाला, अशी शंका येते. १३ डिसेंबर रोजी विल्यम्सला विषारी इंजेक्शन देण्यात आले.

बालवाङ्मयाच्या परिणामकारकतेचा हिशेब एका माणसाच्या जिवाच्या ताळेबंदात धरला गेल्याचे हे मला ठाऊक असलेले एकमेव उदाहरण. विल्यम्सची पुस्तके वाङ्मय म्हणून मोठी आहेत, असे माझे म्हणणे नाही. परंतु हिशेबाची ही रीत मला मान्य नाही. शहरातली टोळीबाजी वाढली म्हणून पुस्तके वाया गेली, हे म्हणजे शाखेची एकूण थकबाकी वाढली म्हणून वेळेवर हप्ता भरणाऱ्या भाजीवालीलाही बुडवी ठरवण्यासारखे आहे. जो मुलगा त्या रात्री घोळक्याबरोबर गेला नाही, त्याची नोंद कोणत्याच पोलीस ठाण्यात होत नाही.

थकबाकीचा विषय निघालाच आहे, तर एक जुने खाते उघडतो. बँकेतल्या नोकरीविषयी लिहिण्याचा मोह मी एरवी टाळतो. पण या विषयात ती टाळता येणार नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुसंख्य पुन्हा आत गेलेच नाहीत. १९८३ साली सरकारने सुशिक्षित बेरोजगारांसाठी स्वयंरोजगाराची योजना आणली. वय १८ ते ३५, कर्ज २५ हजार रुपयांपर्यंत. मी तेव्हा गिरणगावातल्या एका शाखेत नवखा अधिकारी होतो. १९८५ च्या सुमारास एक मुलगा अर्ज घेऊन आला. बाप संपात घरी बसलेला, मुलगा दहावी होऊन टेम्पोवर क्लीनरचे काम करणारा. त्याला सायकली भाड्याने द्यायचे दुकान टाकायचे होते. कागद नीट होते. योजनेप्रमाणे वेगळे तारण मागायचे नव्हते. पण शाखेत रिवाज असा, की जामीनदार आणल्याशिवाय अर्ज पुढे सरकवायचा नाही, आणि जामीनदार कायम नोकरीतला हवा. त्या वर्षी त्या चाळींत कायम नोकरीतला माणूस शोधणे म्हणजे काय, हे मला कळत होते. तरी मी त्याला तीन खेपा घालायला लावल्या. चौथ्या खेपेला तो आला नाही.

दीड-दोन वर्षांनी आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. खुर्ची ओढून बसला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, ‘‘साहेब, तुमच्याकडे थकलेली खाती असतील ना? आम्ही वसुलीला मदत करतो.’’ तो कोणाचे काम करीत होता, हे विचारायची गरज नव्हती. त्या काळी त्या भागात ते सगळ्यांना ठाऊक असे. मी नको म्हणालो. पण मला आजही दिसतो तो त्याच्यामागे उभा राहिलेला त्याचा धाकटा भाऊ. शाळेचा गणवेश, तेरा-चौदा वर्षांचे वय. पूर्वी ज्या टेबलापुढे थोरल्याला उभे ठेवले जात असे, त्याच टेबलापुढे आता त्याच्यासाठी चहा मागवला जातो आहे, हे तो डोळे मोठे करून पाहात होता. चहा मीच मागवला होता.

पुढे अनेक वर्षांनी मी या धाकट्यावर एक किशोर कादंबरी लिहिली. तिचे कौतुक झाले, एक पुरस्कारही मिळाला. तिच्यात दुष्ट दादा आहे, सोशिक आई आहे, मुलाला मार्गावर आणणारे चित्रकलेचे शिक्षक आहेत. मुख्याध्यापकांच्या फोननंतर मी ती कपाटातून काढून पुन्हा वाचली आणि मिटून ठेवली. तिच्यात बँक नव्हती. जामीनदार मागणारा अधिकारी नव्हता. चहा नव्हता. मुलगा टोळीकडे वळतो तो केवळ वाईट संगतीने, असे मी बिनदिक्कत लिहून गेलो होतो. ज्या मुलासाठी लिहिले असे मी म्हणत होतो, त्याने ती वाचली असती तर दुसऱ्या प्रकरणातच ओळखले असते, की हे पुस्तक आपल्यासाठी नाही. आपल्याला पाहून घाबरणाऱ्यांसाठी आहे.

अमेरिकेतल्या पुस्तकांचे मराठी रूपांतर केले की काम झाले, असे मात्र नव्हे. तिथली बंदूक, तिथला वर्णभेद, शाळेच्या दारापर्यंत आलेला अंमली पदार्थांचा बाजार हे सगळे त्यांच्या कथांच्या हाडांत आहे. जेसन रेनॉल्ड्सच्या २०१७ मधील ‘लाँग वे डाऊन’मध्ये पंधरा वर्षांचा मुलगा भावाच्या खुनाचा सूड घ्यायला कंबरेला पिस्तूल लावून लिफ्टमधून खाली उतरतो. सारी कादंबरी त्या एका मिनिटाची. प्रत्येक मजल्यावर गोळीने मेलेला एकेकजण आत येतो, आणि शेवटी मुलगा काय करतो हे लेखक सांगत नाही. आमच्या मुलांच्या वस्तीत बहुधा लिफ्ट नाही. पण ‘रडायचे नाही, नाव सांगायचे नाही, बदला घ्यायचा’ हे जे तीन नियम त्या मुलाला वाडवडिलांकडून मिळालेले असतात, ते पुण्याच्या पोरांना नव्याने समजावून सांगावे लागणार नाहीत. शेवट सोडून देण्याचे ते धैर्य आमच्याकडे कोणी दाखवील का? मुलांच्या पुस्तकाला शेवटी सुधारलेला मुलगा हवाच, हा आमच्या प्रकाशकांचा आणि पुरस्कार समित्यांचा हट्ट मी दोन्ही बाजूंनी अनुभवला आहे.

कायद्याला ही वयाची फट दिसलेली आहे. १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यांत प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट मोकळी केली, आणि तिच्यावर वादही भरपूर झाला. त्याच कायद्याच्या ८३व्या कलमाची चर्चा मात्र मी क्वचितच ऐकतो. प्रौढ माणसाने किंवा टोळीने मुलांचा बेकायदा कामासाठी वापर केला, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड त्यात आहे. म्हणजे मुलाचा वापर करून घेतला जातो, हे विधिमंडळींना कळले आहे. मुलाला ते कळलेले नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याची निवड झालेली असते. बँक अठरा पुरे होईपर्यंत थांबायला सांगते, कारखाना अनुभव विचारतो, कॉलेज टक्के विचारते. भाई चौदाव्या वर्षी त्याला नावाने हाक मारतो, गाडीवर मागे बसवतो, वडापाव खिलवतो. त्याची वही त्याने उघडलेली असते, एवढेच. हप्ते कधी सुरू होणार हे मुलाला सांगितलेले नसते. हे ज्या कादंबरीत पहिल्या पन्नास पानांत येईल, तिच्या उरलेल्या पानांवर तो मुलगा विश्वास ठेवील. आणि असे लिहायचे तर भाईला थोडा प्रेमळही दाखवावा लागेल, कारण सुरुवातीला तो तसाच असतो. पालक रागावतील, शाळा पुस्तक परत पाठवतील. ‘द आउटसायडर्स’चे आणि ‘ऑलवेज रनिंग’चेही तेच झाले.

यादी कोरीच घेऊन मी त्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना खरे ते सांगितले. ते म्हणाले, ‘‘मग आलाच आहात तर काहीतरी बोला.’’ शनिवारची सकाळ होती. ताब्यात घेतलेल्या दोघांपैकी एक मुलगा परत वर्गात येऊ लागला होता. तो कोणता हे मी विचारले नाही. मी जमालची गोष्ट तोंडीच, मराठीतून सांगायला लागलो. वर्ग आधी चुळबुळला. भाऊ तुरुंगात आहे म्हटल्यावर गप्प झाला. आई, वकील, पैसे, तो जुना साथीदार आणि त्याने पुढे केलेले पिस्तूल इथपर्यंत आलो आणि घंटा झाली.

फाटकाजवळ एक किरकोळ बांध्याचा मुलगा सायकल हातात धरून थांबला होता. म्हणाला, ‘‘सर, वकिलाचे पैसे मग कुठनं आणले त्यांनी?’’

मी म्हणालो, पुढचे पुढल्या शनिवारी.

‘‘पुढल्या शनिवारी मी नाही सर. कामाला लावलंय मला. आत्ताच सांगा ना.’’

पावसाची सर आली होती. आम्ही सायकली ठेवायच्या पत्र्याखाली सरकलो आणि मी गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सांगू लागलो.